डोळा आला

कोंडाबाईला एकच डोळा होता. दुसरा लहानपणीच देवीच्या साथीत गेला, आणि राहिलेल्यावर मोतीबिंदू असा चढत गेला की सहा वर्षांत तिला दारातली बाज कुठली आणि शेळी कुठली हे हात लावून बघायची पाळी आली. लातूर जिल्हा नवा नवा झाला आणि तिथल्या सरकारी दवाखान्यात डोळ्यांचं शिबिर भरलं, तेव्हा तिचा धाकटा, व्यंकटी, नांदेडहून रजा टाकून आला. औशाजवळच्या गावातून मायला लातूरला नेलं आणि ऑपरेशन करवून घेतलं. पट्टी आठवड्याने सुटणार होती. तेवढी रजा त्याच्याकडे नव्हती.

व्यंकटी मॅट्रिक, सरकारी कचेरीत कारकून. आपल्याला कुठलीही गोष्ट एकदा सांगितली की कळते, याचा त्याला भारी अभिमान. मायसाठी त्याने नांदेडच्या बाजारातून बाजूनेही डोळे झाकणारा काळा चष्मा आणला होता. डॉक्टरांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "हे बरं केलंत. डोळे यायची साथ सुरू आहे आणि यांचे टाके कच्चे आहेत. पट्टी सुटली की हा दिवसभर डोळ्यांवर हवा, म्हणजे धूळ जाणार नाही आणि हात उठसूट डोळ्याला लागणार नाही. पण चष्मा दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. लाली दिसली तर त्याच दिवशी घेऊन यायचं."

व्यंकटीने सगळं मान हलवत ऐकलं. मग एस्टी सुटायच्या गडबडीत थोरल्या बहिणीला, चांगुणाला, त्यातलं चार शब्दांत सांगितलं, "आक्का, मायला चष्मा काढू देऊ नको." चांगुणा नवरा वारल्यापासून मायजवळच राहायची. ती आणखी काही विचारणार, तोवर हा पायरीवर चढला होता. तिथूनच ओरडला, "डोळा आला की कार्ड टाक. मी येतो."

कार्ड पंधरा दिवसांनी आलं. चांगुणा चौथी शिकलेली, अक्षर मोठं आणि मजकूर थोडा. 'चि. व्यंकटीस आशीर्वाद. मायचा डोळा आला. तू लवकर ये.'

आता त्या दिवसांत निम्म्या कचेरीचे डोळे आले होते. साहेब काळा चष्मा लावून सह्या करत होते, शेजारचा कारकून पाणी गळणारे डोळे रुमालाने टिपत फायली पुढे सरकवत होता. त्या गर्दीत बसून हा शहाणा कार्ड वाचतो आणि टेबलावर थाप मारून सांगतो, "आमच्या मायला दिसायला लागलं." आनंद झाला की माणसाला समोरचं दिसत नाही. त्याला तर नाहीच दिसलं.

लवकर ये म्हटलं होतं, पण रविवारला जोडून सोमवारची सणाची सुट्टी येत होती. तेव्हाच जाऊ, दोन दिवस निवांत राहू, असं त्याने ठरवलं. मधे आठ दिवस गेले. शनिवारी तो न्हाव्याकडे गेला आणि चार वर्षं वाढवलेली मिशी काढून टाकली. न्हावी हळहळला. व्यंकटी म्हणाला, "मायनं मला मिशी फुटायच्या आधीच बघितलंय. एकदम ओळखू यायला पाहिजे."

एस्टीतून दिसणारी ज्वारी गुडघ्याएवढी होऊन पिवळी पडली होती. पाऊस गेल्याला महिना झाला होता. एरवी व्यंकटीचा जीव खालीवर झाला असता. त्या दिवशी मात्र मांडीवर पेढ्यांचा पुडा होता, आणि त्याचं सगळं लक्ष त्या पुड्यात होतं.

माय अंगणात बाजेवर बसली होती, डोळ्यांवर त्यानेच आणलेला चष्मा. तो फाटकातूनच म्हणाला, "माय, डोळा आला म्हणून कार्ड वाचलं अन् पेढे घेऊन आलो बघ."

कोंडाबाईने चष्मा नाकावर नीट बसवला. एवढंच. मग हसली आणि म्हणाली, "आलास व्हय लेकरा? ये, असा समोर ये. लई वाळलास रे."

तो समोर उकिडवा बसला आणि तोंड वर केलं.

"अन् मिशा बऱ्या दिसत्यात तुला. आक्का म्हणलीच होती. अगदी तुझ्या बापावानी."

व्यंकटीचा हात आपोआप ओठावर गेला. तिथे काहीच नव्हतं. त्याने चष्म्याच्या खालच्या कडेतून आत पाहिलं. पापण्या सुजून चिकटल्या होत्या, डोळा लाल, आणि मधल्या बुबुळावर दुधासारखी साय धरली होती. तेव्हा कुठे ते कार्ड त्याला पहिल्यांदा वाचता आलं. तरी तो म्हणाला, "हाव माय. ठेवल्या मिशा."

चांगुणा दिवस कलताना खडीच्या कामावरून आली. भावाला बघून तिने पाटीसुद्धा खाली ठेवली नाही. "आत्ता येऊन राहिलास? दहा दिस झाले कार्ड टाकून."

"आक्का, मला वाटलं, दिसायला लागलं."

"दिसलं की. पाच दिस दिसलं तिला. शेळीचा रंग सांगितला, माझे पिकलेले केस बघून रडली. मग डोळा आला."

"मग 'डोळे आले' असं लिहायचं न्हाई का?"

"तिला हायच एक," चांगुणा म्हणाली. "डोळे कसं लिहू?"

पाटी ठेवल्यावर तिने बाकीचंही सांगितलं. आधी डोळे तिचेच आले होते. मुकादमाने बजावलं, डोळे आलेल्याने चष्म्याशिवाय कामावर यायचं नाही, इतरांना लागण होते. त्या दुष्काळात काम सोडून कसं चालेल? गावात सगळे हेच धरून चालले होते की चष्मा आजाऱ्याने लावायचा, म्हणजे रोग त्याच्यापाशीच अडकून राहतो. कोंडाबाईने स्वतःहून चष्मा काढून लेकीच्या हातात दिला. म्हणाली, डोळे तुझे आलेत, तर तू घाल, मी घरात बसून हाय. तीन दिवस चांगुणाने तो कामावर घातला. रोज घरी येताच पदराने पुसून मायच्या डोळ्यांवर चढवला, कारण भावाने सांगितलं होतं, काढू देऊ नको.

"दुसऱ्याला द्यायचा न्हाई म्हणून तू बोलला न्हाईस रे," ती म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती नुसती विचारत होती. व्यंकटीला रडू फुटलं, आणि ते मायला ऐकू जाऊ नये म्हणून तो शेळीच्या खोपटामागे जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने मायला लातूरला नेलं. डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं आणि बॅटरी विझवली. "आठ दिवस आधी यायला हवं होतं," एवढंच ते म्हणाले. पेढ्यांचा पुडा तसाच बांधलेला घरी राहिला होता.

परतीच्या एस्टीत कोंडाबाई खिडकीशी बसली होती. औसा जवळ आल्यावर तिने हात उचलला आणि चाचपत लेकाच्या तोंडाकडे आणला. व्यंकटीने तो अर्ध्यातच धरला.

"तोंडाला हात नको लावू, माय. साथ हाय. डॉक्टरनं सांगितलंय, हात धुतल्याबिगर कुणाच्या तोंडाला, डोळ्याला लावायचा न्हाई."

"बरं," ती म्हणाली आणि हात मांडीवर ठेवला. ज्या दिवशी हे सांगायला हवं होतं त्या दिवशी त्याने सांगितलं नव्हतं, आणि आज सांगितलं ते आपला उघडा ओठ लपवायला. हे त्याला कळत होतं. तो गाव येईपर्यंत तिचा हात धरून बसला.

नांदेडला गेल्यावर त्याने ओठावर वस्तरा लावू दिला नाही. दोन महिन्यांनी गावी आला, तेव्हा बाजेवर मायशेजारी बसला. स्वतःच्या हाताने तिचे हात तांब्यातल्या पाण्याने धुतले, पुसले आणि मग तिची बोटं धरून आपल्या मिशीवर नेली.

कोंडाबाईने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं.

"म्हणले होते की न्हाई," ती म्हणाली, "बऱ्या दिसत्यात."