पोराच्या नावाने

शिंपीणबाई कोटाला काजं करत होती. तेवढ्यात तिचा धाकटा दीर दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. लढाईआधी तो बस चालवायचा. आता शहराच्या रक्षक तुकडीचा प्रमुख झाला होता, आणि चालणंही तसंच झालं होतं.

"वहिनी, चला डेपोत. तुमच्यासाठी एक राखून ठेवलाय."

त्याच्या बोलण्याचा अर्थ तिला डेपोत पोचल्यावरच कळला. बस धुण्याच्या चौथऱ्यामागे दोन माणसं पालथी पडली होती. हात तारेने पाठीमागे बांधलेले. तिसरा भिंतीशी गुडघ्यांवर होता, जिवंत. सकाळी याच तिघांनी बंदुका टाकून, हात वर करून शरणागती पत्करली होती. अख्ख्या रस्त्याने पाहिलं होतं.

"पुलावर आपल्या पोराला मारणारी हीच टोळी," दीर म्हणाला. "दोघांना उडवलं. याचा हुकूम तुम्ही द्या."

बाकीचे तिच्याकडे असे बघत होते, जणू मानाचं पान तिच्यासमोर मांडलंय. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"गोळी कुणी घातली त्याला? यातल्या कुणी?"

"असेल कुणीतरी."

"कुणीतरी! आणि ते विचारायच्या आधीच तू दोघांना मारलंस?" आयुष्यात पहिल्यांदा तिने दिराला अरे-तुरे केलं.

"लढाईत कसले कायदे, वहिनी? त्यांनी पाळले का?"

"त्यांनी शेण खाल्लं म्हणून आपणही ताट घेऊन बसायचं? लढताना मेले असते तर मी चकार शब्द काढला नसता. हात बांधलेल्याला मारायला कसली आलीय मर्दुमकी! आणि वर माझ्या पोराचं नाव घेतोस? कुणाला विचारून?"

तिने कैद्याला दंडाला धरून उठवलं आणि फाटकाकडे चालू लागली. मागे कुणीतरी बंदूक उचलली. "खाली कर!" दीर ओरडला. भावजयीवर गोळी झाडण्याइतकी त्याची मजल गेली नव्हती.

न्यायालयाच्या खिडक्या फुटलेल्या होत्या. आत न्यायाधीशबाई शाल पांघरून एकट्याच बसल्या होत्या.

"कोर्ट बंद आहे का?" शिंपीणबाईने विचारलं.

"कोर्ट चालू आहे. लोकच यायचे बंद झालेत," त्या म्हणाल्या.

खटला रीतसर चालला. कैद्याला वकील मिळाला, तेव्हा लोक शिंपीणबाईच्या दारात थुंकून गेले. कैदी निर्दोष निघाला नाही. पूल ओलांडून पळणाऱ्या निःशस्त्र लोकांवर आपणच गोळ्या झाडल्या, हे त्याने कबूल केलं. शिंपीणबाई पुढच्या बाकावर बसून ऐकत होती. त्याचा गळा दाबावा असं तिला वाटलं, पण बाकाची कड घट्ट धरून ती बसून राहिली.

"तुमचा मुलगा लगेच गेला नाही," तो मान खाली घालून म्हणाला. "आमच्यातला एक त्याच्याजवळ बसला होता. पाणी पाजलं त्याने. मुलगा त्याच्याशी बराच वेळ बोलत होता."

"काय बोलत होता?"

"मला ऐकू आलं नाही. त्यालाच ठाऊक."

"तो कुठाय?"

"डेपोत. माझ्या डावीकडचा."

कैद्याला जन्मठेप झाली. बाहेर पायऱ्यांवर दीर उभा होता. "ऐकलंत ना? गुन्हेगारच होता. तेव्हाच संपवला असता तर एवढं सोसावं लागलं नसतं."

"माझ्या पोराचे शेवटचे शब्द तू मातीत घातलेस," ती म्हणाली. "मला ते आता या जन्मी कळायचे नाहीत. आणि तू मला सोसण्याच्या गोष्टी सांगतोस?"

ती तशीच मागे वळली, पुन्हा आत गेली आणि न्यायाधीशबाईंसमोर उभी राहिली. "तक्रार द्यायचीय. शरण आलेल्या दोन माणसांचा खून. मारेकरी माझा सख्खा दीर."

सासूने तिच्या हातचं पाणीही वर्ज्य केलं. "घरचा माणूस फासावर चढवतेस?" ती किंचाळली.

"त्यालाही वकील मिळेल, आई," शिंपीणबाई म्हणाली. "त्या दोघांना कुठे मिळाला?"