गुडमारीचा पाला

आमच्या ह्यांना साखरेचा आजार आहे असं त्र्याहत्तर साली सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा हे चक्क हसले. "पासष्टच्या लढाईतनं आलेला सुभेदार हाय मी. साखरंला भितोय व्हय?"

पुढच्याच हिवाळ्यात उजव्या पायाला जोडा चावला आणि महिना झाला तरी जखम भरेना. डॉक्टरांनी पावलावर दोन बोटं ठेवून बराच वेळ चाचपलं. "इथली नाडी लागत नाही. साखरेनं रक्तवाहिन्या खराब होतात, रक्त पोचत नाही. दोन महिने बघू. नाहीतर पाय काढावा लागेल." मग माझ्याकडे वळले, "पथ्य चालू आहे ना?"

"व्हय की. रोज कारल्याचा रस देतीया. आन वर गुळाचा खडा."

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. आमच्याकडे कडू औषध प्यालं की वर गूळ द्यायचाच. पोरांना देतात तसा मी सुभेदारांना देत होते. वर्षभर, माझ्या हातानं! एसटीत कराडपर्यंत मी पदर तोंडाला लावून रडले.

विडी सुटली, गोळ्या वेळेवर, पाय रोज धुवून कोरडा. सगळं ऐकलं ह्यांनी. पण माघात आमचं गुऱ्हाळ लागलं आणि हे गुळाच्या कढईखालच्या चुलवाणाजवळ खुर्ची टाकून बसले. 'चव बघतो' म्हणायचं आणि खडा तोंडात. मी भांडले, उपास धरला. पालथ्या घड्यावर पाणी.

तेवढ्यात पाटणच्या डोंगरातून माझी बनूमावशी आली. तिनं पिशवीतून हिरवा पाला काढला. "ह्यो गुडमारीचा पाला. गुऱ्हाळात जायच्या आदी दोन पानं चावाय दे. ह्यानं पाय बरा हुईल आसं म्या म्हनत न्हाई, डाक्टरच्या गोळ्या सोडू नका. पर गोड काय लागायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी पोटाला बरी असं सांगून मी ती पानं ह्यांना दिली. घटकाभरात गुऱ्हाळावर आरडाओरडा.

"गुंडा, गुळात माती कालवलीस व्हय रं?"

वीस वर्षं आमचा गूळ काढणारा गुंडा रडकुंडीला आला. "आवं सुभेदार, साखरंवानी हाय की!" सगळ्यांनी चाखून बघितला, सगळ्यांना गोड लागला. मला राहवेना. मी पुढं झाले.

"त्येला बोलू नगा. म्या पानं चारली तुमास्नी."

"मला न इचारता?"

"गूळ तरी कवा इचारून दिला हुता?"

ह्यांनी हातातला खडा खाली ठेवला. सगळ्या गड्यांसमोर माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हे हळूच म्हणाले, "उद्याची पानं हायती का?"

होळी झाल्यावर सांगलीला गेलो. जखमेवर नवी कातडी धरली होती. डॉक्टरांनी पाऊल चाचपलं आणि हसून माझं बोट तिथं ठेवलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, सणावाराला मी ह्या पायांना हात लावत आले, तो नमस्कारापुरता. आता बोटाखाली काहीतरी बारीक उडत होतं.

"हाय का?" ह्यांनी विचारलं. लढाईवर जाताना कापला नव्हता एवढा आवाज कापत होता.

"हाय," मी म्हणाले, आणि बोट काही उचललं नाही.