करवंदीचा काढा

शरदरावांनी करवंदीचं ओलं मूळ खलबत्त्यात टाकलं आणि ते कुटायला बसले.

"अहो, त्यात मी वेलची कुटते," विमलताई म्हणाल्या.

"धुऊन ठेवीन."

धुऊन त्यांनी कधीच ठेवला नव्हता. रोह्याच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलेल्या या माणसाने उन्हाळ्यात मधुमेहाची गोळी बंद केली होती. जवळच्या खांब गावच्या डोंगरावर गवतसुद्धा करपलेलं असताना कातळातली करवंदीची जाळी मात्र हिरवीगार, फळांनी लगडलेली त्यांनी पाहिली. पाण्यावाचून जी तग धरते तिच्यात काहीतरी असणारच, असं त्यांच्या मनाने घेतलं. मग कुठल्याशा संशोधनाचं कात्रण हाती लागलं आणि स्वयंपाकघराचा दवाखाना झाला. मुळं खणताना काट्यांनी हात ओरबाडले, ते ओरखडे भरेनात. विमलताईंनी समजावून पाहिलं, अबोला धरला, डॉक्टरांना घरी आणून सांगायला लावलं.

"ते प्रयोग उंदरांवर झालेत," शेवटी त्या म्हणाल्या. "तुम्ही उंदीर आहात का?"

शरदराव हसले आणि काढा प्यायले.

त्यानंतर विमलताईंनी वाद सोडला. रोज जेवताना शरदरावांच्या ताकात गुपचूप गोळीची पूड मिसळू लागल्या.

साखर उतरली. शरदराव रिपोर्ट घेऊन आळीभर फिरले. करवंदीचं कौतुक विमलताई ओठ मिटून ऐकत राहिल्या. माणूस धड राहिला म्हणजे झालं.

मग एके दिवशी ते पेणला धाकट्या बहिणीकडे जाऊन आले. वृंदालाही हाच आजार. तिला काढ्याची बाटली दिली, कृती समजावली, असं ते चपला काढता काढताच सांगू लागले. तिनेही आजपासून गोळ्या बंद केल्या होत्या. दादाचा शब्द ती कधी मोडत नसे.

पोळी लाटणारे विमलताईंचे हात थांबले. त्यांनी गॅस बंद केला.

"तुमची साखर काढ्याने उतरलेली नाही," त्या म्हणाल्या. "गोळी चालूच होती. मी ताकातून देत होते."

विमलताई पदराला हात पुसत उभ्या होत्या. शरदराव काय काय बोलतील आणि त्यावर आपण काय सुनावायचं, सगळं त्यांच्या ओठांवर होतं. पण त्यांनी सरळ बहिणीला फोन लावला.

"वृंदा, गोळ्या सोडू नकोस. रात्रीची घे. मोजण्यात चूक झाली माझी."

पलीकडून ती काहीतरी विचारत होती.

"वहिनीला कशाला विचारतेस? तिला यातलं काही माहीत नाही."