खोपोलीचा रूळ

"पूस ते जुनं," मुंबईहून आलेले पंडितसाहेब म्हणाले. सहदेवनं कॉम्प्युटरवरची जुनी बेसिक भाषा पुसायचा हुकूम टाईप केला, पण एंटरवर बोट ठेवून तसाच बसला.

"काय झालं?"

"साहेब, पाळ्यांचा तक्ता जुन्या बेसिकवर बनतो. नव्यावर चालत नाय."

"मग हातानं करा. मुंबईचा हुकूम आहे, सगळीकडे नवं एकच बेसिक. आमच्या हापिसातलंसुद्धा आज काढतायत. मी चहा घेऊन येतो."

खालापूरच्या त्या कागद कारखान्यात हातानं तक्ता म्हणजे फोरमनचा हात. त्याला ना कुणाचं शेत ठाऊक, ना कुणाची रोपं. सहदेवच्या प्रोग्रॅमला ठाऊक होतं. ज्याची लावणी आली त्याला दुपारची पाळी, सकाळ शेताला मोकळी. बुधाजीची लावणी सोमवारी होती, नि तो दारातच घुटमळत होता.

"सदूदा, गावेल ना रं दुपारची? आठ मानसं सांगून ठेवलीत."

"चहावाल्याला बोलत बसव. साहेबाचा कप लवकर भरायला नको."

सहदेवचा बाप कर्जत स्टेशनात सांधेवाला. सांधा असा ओढला की गाडी पुण्याला, तसा ओढला की खोपोलीला. बाप म्हणायचा, "खोपोलीची गाडी नसली म्हनून कुनी रूळ उखडतं का रं?"

मशीनलाही कुठल्या डिरेक्टरीत, म्हणजे कुठल्या कप्प्यात शोधायचं ते पाथ नावाची एक ओळ सांगते. सहदेवनं जुनं बेसिक आधी 'कचरा' नावाच्या नव्या डिरेक्टरीत उतरवलं. मग दोन इवल्या फायली लिहिल्या. 'पुणे' टाईप केलं की पाथ नव्याकडे, 'खोपोली' केलं की कचऱ्याकडे. नंतर मूळ जागेवरचं जुनं, सांगितल्याप्रमाणे, एंटर दाबून साफ पुसलं. आणि 'पुणे' करून हात बांधून बसला.

साहेबांनी येऊन बेसिक चालू केलं. नवं निघालं. यादीतल्या 'कचरा'वरून नजर फिरली, पण साहेब माणूस, कचऱ्यात कशाला हात घालील? 'जुने काढले' या कागदावर सही ठोकून ते गेले.

जीप फाटकाबाहेर पडली तशी सहदेवनं 'खोपोली' टाईप केलं. प्रिंटर करकरला. बुधाजीनं तक्त्यात स्वतःचं नाव हुडकलं, त्याच्यापुढं बोट सरकवलं, नि टोपी मागं सारली.

गुरुवारी मुंबईहून पंडितसाहेबांचा ट्रंककॉल.

"सहदेव, इथला महिन्याचा रिपोर्ट नव्यावर निघत नाहीये. तुमच्याकडे जुन्याची चुकून एखादी प्रत...?"

"काढलं की साहेब. कागदावर सही हाय तुमची."

पलीकडे साहेबांचा आवाज खाली आला.

"सहदेव, मोठे साहेब बसलेत समोर."

"मग असं करा. खालापूरला दोनी बेसिक ऱ्हातील, असं लिवून धाडा. सहीशिक्क्यानं. तवर मी कचरा उपसून बघतो."

दुसऱ्याच दिवशी पत्र घेऊन माणूसच आला. सहदेवनं ते दोनदा वाचलं, फायलीला लावलं नि खण उघडून जुन्या बेसिकची फ्लॉपी त्याच्या हातात दिली.

माणसानं ती उलटीसुलटी केली. वरच्या चिठ्ठीवर पंडितसाहेबांचं नाव होतं. खाली तारीख, साहेब चहाला गेले त्या दिवसाची.