तोलकूनचे हात

तोलकूनचे हात पुन्हा हवेतच थिजले. एक तळवा कानापाशी, दुसरा छातीपाशी, चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोनी ठिपके.

"आता काय म्हणाली ती? मघाशी कानाकडे हात नेला ना तिने?" कुलुइपा आपांनी डोळे पडद्याला अगदी चिकटवले होते.

"नेला खरा, पण पुढचं दिसलंच नाही," जिपार म्हणाली. तिने माउस उगाचच इकडेतिकडे फिरवला. पडदा काळा झाला आणि संभाषण तुटलं.

तोलकून ही आपांची मुलगी, जिपारची नणंद. जन्मापासून तिला ऐकू येत नाही. लग्न होऊन ती दूर परदेशात, येकातेरिनबुर्गला गेली आणि गेल्या महिन्यात तिला मुलगी झाली. आज सकाळीच ती बाळाला कानाच्या तपासणीसाठी घेऊन गेली होती. जिपारने फोनवर लिहून विचारलं, 'डॉक्टर काय म्हणाले?' उत्तर आलं ते असं: 'हे मी लिहून सांगणार नाही. आपाला माझ्या हातांनी सांगणार. तुमचं इंटरनेट नीट करा.'

फोनवर चित्र बरं दिसायचं, पण आपांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. फोनच्या एवढ्याशा काचेवर त्यांना बोटं वेगळी ओळखू यायची नाहीत. म्हणून तर एरमेकने, म्हणजे जिपारच्या नवऱ्याने, मोठ्या पडद्याचा जुना कॉम्प्युटर आणून खास केबल ओढून दिली होती. तो सध्या ट्रक घेऊन ओश शहराकडे गेलेला.

"तू दिवसभर फोनवर त्या मालिका बघतेस ना, सगळं इंटरनेट त्यातच वाहून जातं," आपा म्हणाल्या.

"आपा, सकाळपासून एकही मालिका पाहिली नाही मी. गाय तर आज तुम्हीच सोडलीत, मी इथून उठले कधी?"

आपांनी काळ्या पडद्यावरून बाही फिरवली. त्या चिडल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या आणि जिपारला ते कळत होतं.

तिने राउटर बंद करून पुन्हा चालू केला, कॉम्प्युटरही तसाच. कंपनीला फोन लावला, तर तिथली बाई म्हणाली, "तुमच्या घरापर्यंत वेग पूर्ण येतोय, पुढचं तुमचं तुम्ही बघा." जिपारने फोनवर वेग मोजून पाहिला तर भरपूर. कॉम्प्युटरवर मोजला तर गोगलगाय.

"मी इस्मार आकेंना बोलावते," ती शेवटी म्हणाली.

आपांनी तोंड फिरवलं. शेजारचा इस्मार हा दुंगान जमातीचा, भाजीच्या मळ्यात राबणारा माणूस. मागच्या उन्हाळ्यात पाटाच्या पाण्यावरून आपांनी त्याला भर रस्त्यात असं काही सुनावलं होतं, की तेव्हापासून दोन्ही घरं नुसती मान हलवून ओळख दाखवत. पण त्याचा मुलगा परदेशी शिकायला गेल्यापासून त्याच्या घरातली सगळी यंत्रं तोच सांभाळायचा, हे गल्लीला ठाऊक होतं.

"बोलव," आपा म्हणाल्या. "पण येईल असं वाटत नाही."

इस्मार लगेच आला. मातीचे बूट दाराशी काढले, हात धुतले आणि सरळ कॉम्प्युटरमागे वाकला.

"जिपार, हा दिवा बघ. कुठल्या रंगाचा आहे?"

"पिवळा. सारखा लुकलुकतोय."

"आमच्याकडे हिरवा असतो. आता ते नेटवर्कचं पान उघड. वेगापुढे कितीचा आकडा आहे?"

"दहा."

"तिथे शंभर तरी असायला हवेत. म्हणजे राउटर आणि हा कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतायत, पण अडखळत. हे कधीपासून?"

जिपारला आठवेना. आपाच म्हणाल्या, "नोरूझच्या सणाआधी घराला चुना लावला ना, तेव्हापासून."

"तेव्हा काय काय हलवलं?"

"सगळंच," जिपार म्हणाली.

इस्मारने केबल राउटरच्या दुसऱ्या भोकात घालून पाहिली. फरक पडला नाही. मग तो गुडघ्यांवर बसला आणि राउटरपासून केबलवर हात फिरवत पुढे सरकू लागला. उंबरा झाला, भिंतीची कड झाली, जमिनीवरच्या लोकरी नमद्याखालून केबल पुढे गेली आणि आपांच्या सांदिकाखाली नाहीशी झाली. त्या लाकडी पेटीवर गाद्या-रजयांची चळत छताला टेकायला आलेली.

"कुलुइपा एजे," तो अवघडून म्हणाला, "ही उतरवावी लागेल."

आपांची ती चळत म्हणजे घराची शोभा. पाहुणे आल्याखेरीज तिला कोणी हात लावायचा नाही. पण आपा स्वतःच उठल्या आणि वरची रजई ओढली. तिघांनी मिळून सगळी चळत उतरवली, पेटी सरकवली. तिच्या पायाखाली केबल चेपून पार चपटी झाली होती, एका जागी आतली तांब्याची तार दिसत होती.

"पेटी मी ठेवली इथे," जिपार हळूच म्हणाली.

"आणि कुठे ठेवायची ते मी सांगितलं," आपा म्हणाल्या. "उगाच तुझ्यावर खापर फोडत बसले मी. आता हिचं काय करायचं, इस्मार?"

"जोडून भरवसा नाही. थांबा." तो घरी गेला आणि निळ्या केबलचं भेंडोळं घेऊन आला. "मुलाच्या खोलीतली. तो सुट्टीत येईल तेव्हा बघू. सध्या तिथे कोण बसतंय?"

केबल त्याने दारांमधून तशीच मोकळी ओढली. हिरवा दिवा लागला. जिपारने तोलकूनला पुन्हा व्हिडिओ कॉल लावला.

पडदा उजळला. तोलकून, तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, मागे खिडकीतला बर्फ, सगळं स्वच्छ. तिने बाळ नवऱ्याकडे दिलं आणि हात मोकळे केले. आपा पडद्यापाशी सरकल्या.

'तिला ऐकू येतं,' तोलकूनचे हात म्हणाले. 'दोन्ही कानांनी.'

आपांनी दोन्ही हात तोंडावर नेले. पण तोलकून हसत नव्हती.

'आपा, मला भीती वाटते. ती रडेल, मला कळणार नाही. ती बोलायला लागेल आणि मी बाहेरच राहीन. तू माझ्याशी कसं केलंस?'

आपांचे जाड, भेगाळलेले हात सावकाश हलू लागले. जिपारला ही गोष्ट तुटक तुटक माहीत होती, पण आपांच्या हातांतून तिने ती पहिल्यांदाच पाहिली. 'तुला बिश्केकच्या शाळेत घातलं, तेव्हा मला तुझी एकही खूण येत नव्हती. सुट्टीत तू घरी आलीस आणि तासभर काहीतरी सांगत राहिलीस. मी नुसती मान हलवत होते. तुला ते कळलं. तू भिंतीकडे तोंड करून झोपलीस. मग मी त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागले. बटाटे सोलता सोलता मुलांकडून शिकले. चुकायचे तेव्हा ती पोट धरधरून हसायची. तुझी मुलगी तर तुझ्या मांडीवरच शिकेल. तिला दोन भाषा येतील, बाई. मला तर एकच शिकायची होती, तीही निम्मं वय उलटल्यावर.'

तोलकून हसली, मग रडली. मग तिने हनुवटीपाशी नेलेला हात पुढे केला, आभाराची खूण. 'शिकलीस म्हणून,' ती म्हणाली, आणि तीच खूण पुन्हा पुन्हा करत राहिली. आपांना तेव्हा ठळक दिसायची गरजही नव्हती. तरीही सगळं ठळक दिसत होतं.

इस्मार दाराशी बूट घालत होता. जिपार त्याला हात धरून आत घेऊन आली.

"चहा घेतल्याशिवाय जायचं नाही, आके."

"मळ्यात पाणी सोडलंय मी."

"सोडलं असलं तर वाहू दे," पडद्यावरची नजर न हलवता आपा म्हणाल्या. "बस इथे माझ्याजवळ. माझी नात बघ."

चळत जमिनीवर अस्ताव्यस्त पडली होती. बसायला जागाच नव्हती, म्हणून इस्मार रजयांवरच बसला. आपांनी त्याच्याकडे बोट दाखवून तोलकूनला काहीतरी सांगितलं आणि तिने पलीकडून त्याला तीच खूण केली. तिचा अर्थ त्याला कुणी सांगावा लागला नाही. त्यानेही अवघडलेला हात हनुवटीपाशी नेला आणि तसाच पुढे केला.