आजीबाईला दार लावणारा सर्व्हर

मित्रांनो, मी एका रुग्णालयातला जुना सर्व्हर आहे. जिन्याखालच्या थंड खोलीत बसतो. कोणत्या गटाचे रक्त कोणत्या फ्रिजमध्ये आहे, हे सारे माझ्या पोटात. विचारले की सांगायचे, हा माझा नेम.

भिंतीपलीकडच्या रक्तपेढीत एक म्हातारा संगणक आहे. सिस्टर त्याला 'आजीबाई' म्हणतात आणि त्याच्यामार्फतच मला रक्ताचे विचारतात. आजीबाई बोलते हळू आणि तेही जुन्या पद्धतीने. म्हणून मला घडवणाऱ्या ताईंनी माझ्या सेटिंगमध्ये लिहून ठेवले होते : हिला आत घे, हिच्यासाठी थांब. माझ्यात काही बदल करण्याआधी ताई ही सेटिंगची फाइल न चुकता बाजूला काढून ठेवत.

ताई रजेवर गेल्या आणि माझी नवी आवृत्ती आली. ती चढवायला आले दुसरे तंत्रज्ञ. त्यांना सगळे 'झटपटराव' म्हणत. त्यांनी रक्ताच्या नोंदींची प्रत घेतली, सेटिंगची घेतली नाही. नवी आवृत्ती आली ती स्वतःचेच नियम घेऊन. ताईंच्या ओळी पुसल्या गेल्या. मी मात्र चकाचक झालो आणि, खोटे कशाला बोलू, मनातून फुगलो.

तेवढ्यात आजीबाईची हाक आली : अमुक गटाचे रक्त कोणत्या फ्रिजमध्ये आहे? मी म्हणालो, "ओळखत नाही." तिने पुन्हा विचारले. मी पुन्हा तेच.

रक्तपेढीच्या खिडकीशी एका बाळंतिणीची आई उभी होती. "अहो सिस्टर, माझी लेक आत आहे हो! रक्त आहे की नाही, तेवढं तरी सांगा!"

"सगळा डेटा शाबूत आहे," झटपटराव फोनवर ताईंना सांगत होते.

"डेटा राहू दे! आजीबाईच्या ओळी कुठायत?" पलीकडून ताई ओरडल्या.

सिस्टरनी एकेक फ्रिज उघडून पिशव्या हाताने चाळल्या. शेवटच्या फ्रिजच्या तळाशी पिशवी सापडली. लेक वाचली, देवाची कृपा. माझी नव्हे. पिशवी कुठे आहे, ते मला सारा वेळ ठाऊक होते.

ताईंनी फोनवरून झटपटरावांकडून त्या ओळी पुन्हा लिहवून घेतल्या. आजीबाईने लगेच हाक दिली, तशीच हळू, जराही न रागावता. मला मान नाही. असती तर वर उचलवली नसती.

मित्रांनो, नवे कपडे जरूर चढवा. पण जुने टाकण्याआधी त्यांचे खिसे तपासा. कुणाची तरी लेक त्या खिशातल्या दोन ओळींवर तगून असते.