इंजिनाकडून दुसरं चाक

जुन्या साइडिंगवर नऊ वाहनं उभी होती. दोन बंद मालडबे, चार उघड्या वाघिणी, एक क्रेनची गाडी, एक गार्डाचा डबा आणि अगदी शेवटी, रूळ जिथे संपतो तिथे, एक प्रवासी डबा. साइडिंगला मुख्य मार्गाशी जोडणारा सांधा केव्हाच उखडून नेला होता, त्यामुळे त्यांना आता कुठे जायचंच नव्हतं. प्रवासी डब्याच्या फरशीतून गवत वर आलं होतं. बाकांची लाकडं कोणीतरी नेली होती, बाकांचे लोखंडी पाय तेवढे राहिले होते. छताच्या पंख्यात गांधीलमाश्यांचं पोळं होतं.

या डब्याच्या अंगावर दाराशेजारी खडूने काढलेलं एक वर्तुळ होतं आणि वर्तुळात फुली. बाकी डब्यांवरचा रंग उडाला, आकडे पुसले गेले, पण ही खूण मात्र रोज ताजी असायची.

कारण ती रोज काढली जायची. यार्डातले लोक ज्यांना ठोकेबाबा म्हणत ते निवृत्त चाकतपासनीस रोज सकाळी अंघोळ झाली की चहाच्या आधी साइडिंगवर जात, कालची पुसट झालेली खूण त्याच रेघांवरून गिरवत आणि परत येत. पाऊस असला तर छत्री धरून. ताप असला तर मुलीचा हात धरून. नेम म्हटला की त्याला कारण विचारू नये, असं त्यांच्या मुलीला वाटे. ती यार्डाच्या कचेरीत कारकून होती. दर महिन्याला खडूची एक पेटी ती आपल्या पैशाने आणून फडताळात ठेवी.

ठोकेबाबांचं काम एके काळी हातोडीचं होतं. गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन ते डब्यामागून डबे जात आणि प्रत्येक चाकावर एक ठोका मारत. चाक चांगलं असलं तर खणखणीत वाजतं. आत तडा असला तर बद्द वाजतं. बद्द वाजलं की डब्यावर फुली. फुलीचा डबा गाडीतून काढायचा, आणि ज्याने फुली मारली त्यानेच ती पुसायची. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, त्याशिवाय डबा चालवायचा नाही आणि मोडायचाही नाही. नियम जुना होता, पण रद्द कोणी केला नव्हता.

एकोणीस वर्षांपूर्वी एका दुपारी त्यांनी या डब्याचं एक चाक ठोकलं आणि त्यांना बद्द ऐकू आलं. स्टेशनमास्तर होते त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. मेहुण्याने त्यांच्या शब्दावर गाडी थांबवली, डबा काढायला लावला. गाडी दोन तास चाळीस मिनिटं खोळंबली. मग चौकशी झाली. समितीने चाक तपासलं, चाकाला काही नव्हतं. ब्रेक सुटलेला नसताना ठोका मारला असणार, असं समितीने लिहिलं. ब्रेकचे ठोकळे चाकाला टेकलेले असले तर धडधाकट चाकही बद्द वाजतं, हे तर नवशिक्यालाही ठाऊक असतं. खूण पुसायला सांगितली. ठोकेबाबांनी पुसली नाही. त्यांची हातोडी जमा करून घेतली आणि त्यांना दिव्यांच्या कोठीत बसवलं. मास्तरांच्या नावापुढे ‘खातरजमा न करता’ असा शेरा पडला आणि ते निवृत्त होईपर्यंत त्याच आडस्टेशनात राहिले.

त्यानंतर मास्तर, म्हणजे मुलीचे मामा, या घरात जेवले नाहीत. बहीण गेली तेव्हा आले, दारात चपला न काढता उभे राहिले आणि उभ्या उभ्याच गेले.

आता साइडिंग मोकळी करायचा हुकूम आला. नऊ वाहनं, गॅसने कापून भंगारात. आठ वाहनांच्या कागदांवर कचेरीनेच सह्या केल्या. नवव्याचा कागद मुलीने घरी आणला.

‘‘बाबा, यावर तुमची सही लागते.’’

‘‘काय लागतं?’’ त्यांना हल्ली कमी ऐकू येई. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागे.

‘‘सही! खूण पुसल्याची.’’

त्यांनी चष्मा लावला. कागदावर छापील दोनच ओळी होत्या. ‘दोष दुरुस्त केला.’ ‘खूण चुकून झाली.’ लागू नसेल ती ओळ खोडायची होती.

‘‘दुरुस्त केला का कोणी?’’

‘‘नाही.’’

‘‘मग ती ओळ गेली.’’ त्यांनी कागद परत तिच्याकडे सरकवला. ‘‘आणि दुसरीवर मी सही केली, तर तुझ्या मामाचं नुकसान मी फुकटचं केलं असा त्याचा अर्थ.’’

‘‘आणि नाही केलीत तर?’’

‘‘तर डबा उभा.’’

‘‘बाबा, तो डबा आता बसायला आलाय.’’

ते हसले नाहीत. बशीत चहा ओतला, तो गार झाला तरी प्यायले नाहीत. मग म्हणाले, ‘‘तुला एक सांगू? ब्रेक सुटला होता की नाही, मला आठवत नाही.’’

मुलीने कागद बाजूला ठेवला.

‘‘त्या दिवशी ठाऊक होतं. चौकशीतही ठाऊक होतं. पुढे पुढे विचार करून करून आठवण झिजली. हातोडी नव्हती, पण दगडाने ठोकून पाहिलं एकदा. तोवर ठोकळे गंजून चाकांना चिकटले होते. आठही चाकं बद्द. आता काय ऐकायचं आणि कोणाच्या कानाने!’’

मुलीला तेव्हा कळलं की रोजची ती खूण खात्रीची नव्हती. प्रश्न मिटू नये म्हणून ती गिरवली जात होती.

कागदावर आणखी एक सही लागत होती, तेव्हा डबा गाडीतून काढायला लावणाऱ्या स्टेशनमास्तरांची, म्हणजे मामांची. मुलीने कचेरीच्या शिक्क्याचं पत्र मामांना पाठवलं. भाचीच्या पत्राला ते आले नसते. कचेरीच्या पत्राला ते ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी आले, इस्त्रीचा सदरा आणि बंद छत्री घेऊन.

साइडिंगवर कापणाऱ्यांचा मुकादम वाट बघत होता. आठ वाहनांच्या जागी आता नुसते गंजाचे डाग आणि तेलकट माती उरली होती. शेवटचा डबा एकटाच उभा होता.

‘‘या मास्तर,’’ ठोकेबाबा म्हणाले.

‘‘काय दाजी,’’ मामा डब्याकडे बघत म्हणाले, ‘‘अजून खडू संपला नाही वाटतं?’’

‘‘तुझी भाची आणून देते.’’

‘‘बापाच्या हट्टाला लेकीची पदरमोड. चांगलं आहे.’’

मुकादमाने घड्याळ बघितलं. ‘‘मंडळी, डबा कापायला मला अर्धा दिवस लागतो. तुम्हाला किती लागेल तेवढं सांगा.’’

मुलीने चौकशीची जुनी फाइल बरोबर आणली होती. सही आधी वाचून करावी, एवढ्याचसाठी. त्यात ठोकेबाबांच्या हातची चिठ्ठी होती, पेन्सिलीतली: ‘इंजिनाकडून दुसरं चाक, डाव्या बाजूचं.’ तिच्यामागे समितीचा अहवाल होता. एकोणीस वर्षं तो कपाटात होता आणि ठोकेबाबांनी तो कधी पाहिला नव्हता. समिती चाक तपासत होती तेव्हा त्यांना फाटकाबाहेर बसवलं होतं. अहवालात तपासलेल्या चाकाचा नंबर लिहिला होता, चाकावरच ठोकलेला असतो तो. दोन एक सात सहा.

‘‘बाबा, चाक कोणतं?’’

‘‘काय?’’

‘‘चाक! कोणतं चाक?’’

ते गवत तुडवत गेले आणि एका चाकावर हात ठेवला. ‘‘हे. दुसरं कुठलं असणार? गाडीचं इंजिन त्या पाण्याच्या टाकीकडच्या टोकाला होतं. तिकडून दुसरं, डावीकडचं.’’

मुलीने मुकादमाकडून तारेचा ब्रश घेतला आणि खाली बसून गंज खरवडला. आकडे निघायला वेळ लागला. तिने ते बोटाने चाचपून पाहिले, मग पुन्हा फाइल पाहिली.

‘‘हा नंबर दोन शून्य नऊ तीन आहे.’’

‘‘मग?’’ मामा म्हणाले.

‘‘समितीने दोन एक सात सहा तपासलं.’’

ते चाक सापडायला फार शोधावं लागलं नाही. डब्याच्या दुसऱ्या अंगाला होतं, दुसऱ्या टोकाकडून दुसरं. मामा त्या चाकापुढे थांबले, छत्रीच्या टोकाने त्यांनी मातीत एक आडवी रेघ काढली, तिच्या एका टोकाला टिंब दिलं, मग दुसऱ्या टोकाला. स्टेशनमास्तरच ते, गाड्यांची उलटापालट त्यांना चित्राशिवाय दिसत नसे.

‘‘डबा गाडीतून काढला तो यार्डाच्या इंजिनाने,’’ ते सावकाश म्हणाले. ‘‘ते मागून लागलं होतं. मीच लावलं. समिती आली तेव्हाही ते तिथेच होतं, त्याच टोकाला.’’

‘‘आणि चिठ्ठीत ‘इंजिनाकडून’,’’ मुलगी म्हणाली.

‘‘समितीने समोर दिसलं त्या इंजिनाकडून मोजलं.’’

ठोकेबाबांना सगळं ऐकू आलं नव्हतं. मुलीने त्यांना रेघ दाखवली आणि दोन्ही टिंबांवर बोट ठेवलं. त्यांनी वाकून दोन्ही टिंबं बघितली.

‘‘कोणतं इंजिन ते मी लिहिलं नाही,’’ ते म्हणाले.

‘‘आणि मी विचारलं नाही,’’ मामा म्हणाले. ‘‘पण म्हणून हे चाक फुटकं होतं असं होत नाही, दाजी. ब्रेकचं काय?’’

‘‘तेच तर.’’

मामा मुकादमाकडे वळले. ‘‘आठही चाकांचे ठोकळे आधी कापून काढता येतील?’’

‘‘शेवटी काय, आधी काय. भंगारच आहे ते.’’

गॅसवाला डब्याखाली आडवा झाला. निळी ज्योत, जळक्या गंजाचा वास, एकेक ठोकळा मातीत पडल्याचा आवाज. तासभर गेला. मामांनी रुमाल पसरला आणि रुळावर बसले. ठोकेबाबा उभेच राहिले. मग मुकादमाने लांब दांड्याची एक हातोडी आणून दिली. ठोकेबाबांनी ती हातात तोलली, दांडा थोडा खाली धरला.

‘‘मी मारतो,’’ ते मेहुण्याला म्हणाले. ‘‘ऐकायचं तू. माझा कान गेला.’’

‘‘माझ्यावर विश्वास आहे?’’

‘‘त्या दिवशी तू माझ्या कानावर ठेवला होतास. आज मी तुझ्यावर.’’

मामा उठून जवळ आले.

टाकीकडचं पहिलं चाक. ठण्ण. आवाज रुळातून लांबवर गेला. दुसरं त्यांनी मुद्दाम सोडलं. तिसरं वाजलं, चौथं वाजलं. पलीकडची चार वाजली. समितीचं चाक तर सगळ्यांत खणखणीत. मुकादम आणि गॅसवाला काम सोडून बघत उभे राहिले.

ठोकेबाबा परत आले आणि उरलेल्या चाकावर एक ठोका मारला.

मामा चाकाशी वाकले. त्यांनी हात पुढे केला, हातोडी घेतली आणि स्वतः ठोका मारून पाहिला. मग शेजारच्या चाकावर. मग पुन्हा त्याच चाकावर. मडक्यावर चप्पल मारावी तसा आवाज.

‘‘कसा आला?’’ ठोकेबाबांनी विचारलं. त्यांची नजर मेहुण्याच्या तोंडावर होती.

‘‘बद्द.’’

‘‘काय?’’

‘‘बद्द! बद्द आला, दाजी!’’

ठोकेबाबांनी मान हलवली. चाकाच्या कडेवर हात ठेवून ते थोडे वाकून उभे राहिले.

मामांनी भाचीकडून कागद घेतला, फाइलीवर ठेवला आणि छापील दोन्ही ओळी खोडल्या. खाली मोकळ्या जागेत त्यांनी स्टेशनमास्तरांच्या वळणदार अक्षरात लिहिलं: ‘दोष होता. आहे. खूण बरोबर.’ सही केली, तारीख घातली, पेन ठोकेबाबांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं आणि खाली आपली सही केली.

‘‘असा कागद वर चालेल का?’’ मुलीने विचारलं.

‘‘न चालायला काय झालं? डबा भंगारात गेल्यावर कागद कोण वाचतो!’’ मामा म्हणाले. ‘‘आपल्याला वाचायचा होता.’’

आता पुसायची राहिली होती. ठोकेबाबा दाराशी गेले. खिशात रुमाल होता, पण त्यांनी सदऱ्याच्या बाहीनेच खूण पुसली. रेघा गेल्या, तरी वर्तुळाच्या जागी पत्रा पांढरटच राहिला. इतक्या वर्षांचा खडू त्यात मुरला होता. दोनदा घासून त्यांनी नाद सोडला.

मुकादमाने इशारा केला तसा गॅसवाल्याने छताकडच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. पोळ्यातल्या माश्या उठल्या, सगळे चार पावलं मागे सरले.

परतीच्या वाटेवर फाटकापाशी मामा थांबले. ‘‘दाजी, आज घरी जेवायला काय आहे?’’

ठोकेबाबा पुढे चालत राहिले.

‘‘त्यांना ऐकू नाही आलं,’’ मुलगी म्हणाली. ‘‘जवळ जाऊन विचारा.’’

मामांनी त्यांना गाठलं, छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि त्यांच्या कानाशी वाकून तेच पुन्हा मोठ्याने विचारलं.